पट्टा जरा कडक आहे

ताईचा फोन आला तेव्हा मी एका नव्या कॅमेऱ्याची खोट शोधत बसलो होतो. टेबलावर कॅमेरा, बाजूला त्याचं रिकामं खोकं, आणि मी एकेक बटण दाबून बघतोय की ह्यातलं नेमकं काय बिनसलेलं बरं दिसेल. "अरे, एक विचारायचं होतं," ताई म्हणाली. तिची सुरुवात नेहमी अशीच. घराला आग लागली तरी ती आधी एक विचारणार. "कॅमेऱ्यातलं उरलेलं रेकॉर्डिंग कुठे साठतं रे?" मी म्हटलं, उरलेलं म्हणजे? तर म्हणाली, "म्हणजे हे बघ, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चांगले दीड तास बोलले. मी बाहेरच्या खोलीत होते, दाराआडून आवाज येत होता. आज पहिल्यांदा लावून बघितलं तर अठराच मिनिटं दिसतात. बाकीचं आतच कुठेतरी असणार ना? तुला ठाऊक असेल." मी विचारलं, कुठला कॅमेरा? "अरे, तूच नाही का लिहिलंस त्याच्यावर? तो काळा, छोटासा. तुझ्याच नेटवरच्या पानावरून घेतला मी. म्हटलं, घ्यायचाच आहे तर तेवढेच तुला चार पैसे सुटतील." मी म्हटलं, मी येतो, दुपारपर्यंत येतो, तू कशाला हात लावू नकोस. "घाई नाही रे," ती म्हणाली, "आहे आतच तर कुठे जातंय."

आतच आहे! भावोजींच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं, त्याला तीन आठवडे झाले. मी इस्पितळात दोनदा जाऊन आलो होतो. गळ्याला भोक, त्याला जाळीचं फडकं, आणि हातात पोरांच्या असतात तशी चौकड्यांची वही. हा माणूस आता कधीच बोलणार नाही हे मला डॉक्टरांनी सांगितल्यापासून माहीत होतं. पण आवाज जायच्या आधी तो कुणाशी तरी बोलून ठेवेल, त्यासाठी घरात कॅमेरा येईल, आणि तो कुठला हे ताई माझं पान उघडून ठरवेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? कॅमेऱ्यावर पोट भरणारा भाऊ आहे मी तिचा. तिने विचारलं नाही, कारण तिला माझा वेळ खायचा नव्हता. लहानपणापासून तिची ही खोड. मी अभ्यासाला बसलो की ती घरात पायांचा आवाज न करता चालायची.

दीड तासातली अठरा मिनिटं. ती अठराच का, साठ का नाही, दहा का नाही, हे ह्या जगात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक मी होतो. आठ महिन्यांपूर्वी तो काळा कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा मी तो खिडकीत ठेवून रस्त्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि जेवायला उठलो. मुद्दाम नाही, विसरलो म्हणून. एरवी आम्ही रिव्ह्यू लिहिणारे सलग दहा मिनिटांच्या वर काही तपासत नाही, कारण आमचा रिव्ह्यूच दहा मिनिटांत वाचून होणारा असतो. जेवून आलो तर पडदा काळा. वाटलं, बॅटरी संपली. बॅटरी पाऊण भरलेली. हात लावला तर अंग गरम, इस्त्री बंद केल्यावर थोड्या वेळाने लागते तसं. पुन्हा लावून बघितलं, एकोणीस मिनिटांनी बंद. पुन्हा, सतरा. ना शिट्टी, ना सूचना, आणि पुढचा लाल दिवा मात्र ढिम्म, तसाच पेटलेला. समोर बसलेल्या माणसाला वाटावं, चालू आहे. मी त्याच दिवशी वाक्य लिहिलं होतं: वीस मिनिटांच्या आसपास हा कॅमेरा तापतो आणि कसलीही सूचना न देता रेकॉर्डिंग थांबवतो, दिवा मात्र चालूच राहतो. साधं, सरळ वाक्य. माझ्या दुकानाच्या दिवसांतलं.

दुकान म्हणजे दुरुस्तीचं. बावीस वर्षं मी कॅमेरे उघडून बघितले. कुठल्या कंपनीचा कुठला स्क्रू कितव्या वर्षी सैल होतो हे मला लोकांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होतं. लोक यायचे, हा घेऊ का तो घेऊ विचारायचे, आणि मी निम्म्यांना सांगायचो, काही घेऊ नका, आहे तोच द्या इकडे, करून देतो. बायको डोक्याला हात लावायची. मग लोकांच्या खिशातल्या फोनने दुकानाचं जे काय करायचं ते केलं, आणि एका दुपारी, गिऱ्हाईक नाही म्हणून, मी एका महागड्या लेन्सवर चिडून दोन पानं लिहून टाकली. काय वाचलं लोकांनी! शिव्या वाचायला सगळ्यांना आवडतात. हजारोंनी वाचलं, शाबासकी दिली, आणि निघून गेले. एक कवडी आली नाही, येणार कशी? वाईट वस्तू कोण विकत घेतं? पुढे महिन्याभराने एक लेन्स मला खरंच आवडली. तसं लिहिलं, खाली ऑनलाइन दुकानाची लिंक दिली, आणि पहिल्यांदा हातात काही पडलं. इतकं सोपं आहे हे. शिव्या दिल्या की लोक वाचून जातात, स्तुती केली की वाचून विकत घेतात, आणि विकत घेतलं की त्यातला तुकडा आपल्याकडे येतो. कुणी तुम्हाला खोटं बोल म्हणत नाही. तुम्ही आपोआप चांगल्या वस्तू शोधायला लागता. मग चांगल्या वस्तू संपल्या की वस्तूंतलं चांगलं शोधायला लागता. मी दर वेळी खरंच लिहिलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त कुठलं खरं लिहायचं ते मी निवडत गेलो.

आणि खोट. ती मला उस्तादाने शिकवली. उस्ताद म्हणजे आमच्यातला जुना माणूस, ह्या धंद्यात माझ्या आधी सहा वर्षं आलेला, पोट सुटलेला, हसरा, मनाने खरंच चांगला. म्हणाला, "नुसती स्तुती करू नकोस, लोक काही दुधखुळे नसतात. दर रिव्ह्यूत एक खोट घाल. एकच. आणि ती अशी निवड की वाचणारा म्हणेल, बघा, हा माणूस लपवत नाही. पण तेवढ्यासाठी कुणी वस्तू परत पाठवणार नाही." कारण महिन्याच्या आत वस्तू परत गेली की आपला तुकडाही परत जातो. मग मी शिकलो. झाकण घट्ट बसतं. बटणाचा आवाज मोठा आहे. मेनू समजायला दोन दिवस लागतात. दर वेळी कॅमेरा आला की बाकीचं सगळं अर्ध्या दिवसात उरकायचं, खोट शोधायला मात्र दोन दिवस जायचे, कारण ती खरी हवी आणि बिनविषारी हवी. बायको दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, पेशंटांच्या वेळा बघते. तिला मी एकदा हे सगळं रंगवून सांगितलं तर ती हसत म्हणाली, "म्हणजे आमच्या डॉक्टरांसारखं. थोडं दुखेल म्हणतात." तेव्हा दोघंही पोट धरून हसलो होतो.

त्या काळ्या कॅमेऱ्याच्या वेळी मी वाक्य लिहिलं आणि सभ्यपणे पेटीवालीला कळवलं. पेटीवाली हे आमचं आपलं नाव. कंपनीतून ज्या बाई कॅमेऱ्याची पेटी पाठवतात त्या. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. आवाज इतका गोड की फोन ठेवल्यावर आपण काहीतरी मान्य केलंय असं वाटत राहतं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. आमचे लोक बघतायत, सुधारणा लवकरच येईल. तुमचं मत तुम्ही मोकळेपणाने मांडा, आम्हाला त्याचा आदरच आहे. आणि खाली, एक ओळ सोडून, की जाता जाता सांगते, पुढच्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी पहिल्या बारा जणांची यादी ह्याच आठवड्यात ठरतेय. बस. एवढंच. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात धमकी कुठे आहे ते कुणीही दाखवून द्यावं. नाहीच. पहिल्या बारा जणांत असणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. कॅमेरा बाजारात येण्याआधी आठवडाभर हातात येतो, विक्री सुरू होते त्या तासाला आपला रिव्ह्यू लागतो, आणि लोक तेव्हाच घेतात. आठवड्याने लिहिलेला रिव्ह्यू म्हणजे जेवणं उरकल्यावर वाढायला आलेला माणूस. मी बसून विचार केला. सलग वीस मिनिटं कोण रेकॉर्डिंग करतं? लग्नवाले करतात, ते मोठे कॅमेरे घेतात. घरगुती माणूस दोन-दोन मिनिटांचे तुकडे घेतो, पोर रांगलं, केक कापला, झालं. आणि सुधारणा येणारच आहे की. सुधारणा आल्यावर माझंच वाक्य खोटं पडायचं! इतका जबाबदार विचार मी केला. मग ते वाक्य काढलं. त्या जागी भोक पडलं, म्हणून खोट शोधायला लागलो, आणि लिहिलं: पट्टा जरा कडक आहे. मानेला घासतो. ती सुधारणा आजतागायत आलेली नाही.

बायको दवाखान्याला निघत होती. तिला सांगितलं. ती चपलेत एक पाय घालून तशीच उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले, भावोजींसाठी. तिचा त्यांच्यावर फार जीव. मग डोळे पुसून तिने माझ्याकडे बघितलं, जसं ती दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटकडे बघत असेल. "कार्ड खराब झालं म्हणून सांग," ती म्हणाली. "मेमरी कार्ड. होतात की खराब." मी तिची दुसरी चप्पल पुढे सरकवली. "हे बघ, आता खरं सांगून आवाज परत येणार आहे का? नाही ना? मग त्या दोघांना अजून एक दुःख कशाला द्यायचं? आधीच काय कमी आहे त्यांच्यापुढे?" दार लावता लावता परत आत डोकावून म्हणाली, "आणि त्यांचं सोड, ताईंना तुझ्याशिवाय आहे कोण?" ह्यात एक शब्द चुकीचा नव्हता. तेच तर. मला आयुष्यात जे कुणी काही सुचवलंय ते इतकं समजूतदारपणाचं असतं की नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

ताईचं घर बसने पाऊण तास. मी खिडकीशी बसलो आणि कार्ड खराब झालं हे वाक्य मनात तीन-चार प्रकारांनी म्हणून बघितलं. छान जमत होतं. माझा हातखंडाच तो. ताई, कार्डचं काही सांगता येत नाही, कितीही चांगलं घे. ताई, ह्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. मधेच बस एका तरणतलावाच्या भिंतीशेजारून गेली आणि क्लोरीनचा वास आत आला, की मलाच आला, कोण जाणे. भावोजी पोहायला शिकवायचे. चौतीस वर्षं, एकाच तलावावर. त्यांचा आवाज! ह्या काठावरून "गुडघे सरळ!" म्हणाले की पलीकडच्या काठावरच्या पोराचेच नाही, बाकावर बसलेल्या त्याच्या आईचेही गुडघे सरळ व्हायचे. ताईचं लग्न झालं तेव्हा मी सोळाचा होतो आणि मला पाणी म्हटलं की घाम फुटायचा. त्यांनी मला खोल बाजूला नेलं, पोटाखाली हात धरला आणि सांगितलं, सोडणार नाही, तू पाय मार. मी पाय मारले. मधेच कधीतरी त्यांनी हात काढला. मी काठाला लागलो, वळून बघतो तर ते पाच हात मागे. मी रडकुंडीला येऊन ओरडलो, तुम्ही सोडलात! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघ तुला येतं. ते म्हणाले, "हो, सोडला. फसवलं तुला. चुकलं माझं. पुढच्या वेळी सांगून सोडेन." एवढा मोठा माणूस, नवा जावई, आणि सोळा वर्षांच्या मुलापुढे भर तलावात, त्या आवाजात, चुकलं म्हणून सांगतो! चार लोक बघायला लागले होते. मला इतकी लाज वाटली की मी पाण्याखाली गेलो. पुढच्या वेळी त्यांनी खरंच सांगून सोडला आणि मी बुडालो, नाकातोंडात पाणी गेलं, ती गोष्ट वेगळी.

दार ताईनेच उघडलं. वाळली होती. घरात औषधांचा वास, आणि रेडिओ नेहमी चालू असायचा तो बंद. भावोजी खिडकीशी खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती ते फडकं, मांडीवर वही. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. सवयच ती, चौसष्ट वर्षांची. श्वास गळ्यातल्या भोकातून फुसकन बाहेर आला आणि तोंडातून काही नाही. मग त्यांनी हात वर केला. मी त्यांच्या पाया पडलो. एरवी पडत नाही. त्यांनी वहीत लिहिलं, "काय रे, मी मेलो का?" आणि खांदे हलवून हसले. बिनआवाजाचं हसणं बघवत नाही. मीही हसलो. ताई कॅमेरा घेऊन आली, फडक्यात गुंडाळलेला, आणि माझ्या पुढ्यात ठेवला. पट्टा तिने काढून दुसरा लावला होता, मऊ, स्वतः शिवलेला. "तू लिहिलं होतंस ना, कडक आहे म्हणून," ती म्हणाली. "बरं झालं लिहिलंस. ह्यांची मान आधीच नाजूक." मला वाटलं, इथून उठावं आणि चालायला लागावं.

"आधी बघ तर," म्हणत तिने तो टीव्हीला जोडला. हे तिला येत होतं, माझ्याच पानावर वाचून शिकली होती. पडद्यावर भावोजी आले, ह्याच खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. आणि आवाज. बसलेला, खरखरीत, तरी तोच. ताईने पदर तोंडाला लावला. "झालं का चालू? दिवा तर लागलाय," पडद्यावरचे भावोजी म्हणाले. ते माझ्या भाचीशी, म्हणजे त्यांच्या मुलीशी, बोलत होते. ती दूर असते, सातवा महिना चाललाय, तिला येता आलं नव्हतं. मला वाटलं होतं काहीतरी जड ऐकावं लागेल. कसलं काय! आठशे पोरांना ओरडून पोहायला लावणारा माणूस कॅमेऱ्यासमोर लाजला होता. पाच मिनिटं ते खुर्चीच्या हातावर बोलले, की तो मोडला होता तेव्हा कसा जोडला. मग हवेवर. मग शेजारच्यांच्या कुत्र्याने कशी चप्पल पळवली. मधे मधे खाकरायचे, पाणी प्यायचे, दाराकडे बघायचे. मग त्यांना बोलायला विषय सापडला. तो मी. "हा कॅमेरा तुझ्या मामाने सांगितलेला," ते म्हणाले. "म्हणजे आम्हाला नाही सांगितला, जगाला सांगितला, त्यात आम्ही आलो. मामा तुझा वेडा माणूस. दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचा, घेऊ नका म्हणून. मी म्हटलं त्याला, अरे अशाने तू उपाशी मरशील. पण एक आहे बघ, त्याने घे म्हटलं की डोळे मिटून घ्यावं." मी टीव्हीकडे बघत होतो आणि खुर्चीतले भावोजी माझ्याकडे बघत होते, हे मला मान न वळवताच कळत होतं. पडद्यावरच्या भावोजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. चेहरा बदलला. पुढे झुकले. "बरं. फार टंगळमंगळ केली. आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. तुझ्या जन्माच्या वेळी मी" आणि पडदा काळा झाला.

"इथेच थांबतं," ताई म्हणाली. "मी चारदा लावून बघितलं. पुढचं सगळं राहिलंय बघ. मला आवाज येत होता रे, मधे रडत पण होते, मी आत जाणार होते, पण म्हटलं नको." मग आवाज खाली आणून, जणू भावोजींना ऐकूही येत नाही अशा बेताने, "लिहून काढा म्हटलं तर मान हलवतात. वहीत लिहिलं, बोलायचं होतं, लिहायचं असतं तर पत्रच लिहिलं असतं. तू काढून देशील ना?" मी कॅमेरा हातात घेतला. उगीच झाकण उघडलं, कार्ड काढलं, उजेडात धरलं. काय बघत होतो? काही नाही. वेळ काढत होतो. ताईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि बहीणच ती, तिने वाट करून दिली. "कार्डच खराब निघालं असेल, नाही का? शेजारचे म्हणत होते, होतात म्हणे." तिने ते माझ्यासाठी म्हटलं. मला सुटायला. माझ्या तोंडात बसमधलं वाक्य तयार होतं, नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, तेवढंही म्हणायची गरज नव्हती, मान हलवून भागलं असतं. आणि भावोजी नुसते बघत होते. त्यांच्या बघण्यात संशय असता तर बरं झालं असतं. संशय घेणाऱ्याशी खोटं बोलायला मला काही वाटत नाही.

"कार्ड चांगलं आहे ताई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आत काही राहिलेलं नाही. हा कॅमेरा तापतो आणि बंद पडतो. वीस मिनिटांत. दिवा चालू राहतो पण आत काही चालू नसतं. मला माहीत होतं." ताई म्हणाली, "आत्ता कळलं ना तुला?" मी म्हटलं, नाही. आठ महिने झाले. मी लिहिलं होतं आणि मग काढलं. तिने पुन्हा विचारलं, काढलं म्हणजे? मी सगळं सांगितलं, पेटीवाली, यादी, बारा जण, खोट. सांगताना ते फार लहान वाटत होतं. मला वाटत होतं आपण काहीतरी मोठं, गुंतागुंतीचं पाप केलंय. तोंडातून बाहेर आलं ते चार वाक्यांत संपलं. ताई ऐकत होती, समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, माझी शाळेची प्रगतिपुस्तकं वाचायची तशी, कुठे काही बरं सापडतंय का बघत. तिचं गप्प राहणं मला सहन होईना, आणि मी जे बोलायला नको होतं ते बोललो. "पण तू मला विचारायचं होतंस ना ताई, घेण्याआधी! एक फोन करायचा होतास. तुला सांगितलं असतं मी."

"विचारलं नाही असं कसं म्हणतोस?" ताई म्हणाली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी सावरलो असतो. "विचारलंच की. वाचलं ना मी. दोनदा वाचलं."

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, बहिणीच्या घरी, जमिनीकडे बघत. तिने उठून पाठीवर हात ठेवला नाही. ठेवेल असं मला वाटलं होतं, आयुष्यभर ठेवत आली होती. ती कॅमेऱ्याकडे बघत बसली होती, आत काही नाही हे आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होतं. मग नुसतं म्हणाली, "म्हणजे ते गेलंच." मी मान हलवली. भावोजींची पेन्सिल वहीवर चालल्याचा आवाज आला. मला वर बघवेना. ते काय लिहितील? निघून जा लिहितील. जाऊ दे लिहितील, ते तर त्याहून वाईट. त्यांनी वही ताईकडे दिली, आणि ताईने, गेले तीन आठवडे त्यांचा आवाज झालेल्या ताईने, वाचलं, "हे विचारतायत, अजून किती जणांनी घेतला?"

मला आकडा माहीत होता. आम्हाला असतो. रोज सकाळी चहाबरोबर बघतो मी, कुठल्या पानावरून किती गेले. त्यातले किती जण कुणाकुणाला समोर बसवून बोलतं करतायत हे त्यात नसतं. "चारशे बारा," मी म्हटलं. मग लाज वाटून दुरुस्त केलं. "चारशे अकरा. आणि तुम्ही."

भावोजींचा श्वास गळ्यातून येत-जात होता. मग त्यांनी पेन्सिलीने माझ्या खिशातल्या फोनकडे दाखवलं. मी विचारलं, "आत्ता?" त्यांनी टाळी वाजवली. तलावावर शिट्टी नसली की वाजवायचे तशी, एकच, कोरडी. मी फोन काढला, माझं पान उघडलं, आणि तिथेच बसून लिहायला घेतलं. ताई उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने चष्मा लावला, आणि मी एकेक शब्द लिहीत होतो तसा तो वाचायला लागली, मोठ्याने, भावोजींना ऐकू जाईल असा.